समुद्रापासून दोन गल्ल्या आत: इबिझातलं खाणं आणि हिशेब

इबिझाला, म्हणजे स्पेनच्या त्या क्लबांसाठी गाजलेल्या बेटावर, चाललोय म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात. "या वयात?" असं तोंडावर कोणी विचारत नाही, पण प्रश्न दिसतो. तर आधीच सांगून टाकते: क्लबचं तिकीट आमच्यातल्या एकानेच काढलं, आणि तो माझा भाचा. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला शिकतो, मी आणि नवराही तिथेच राहतो. सप्टेंबर संपता संपता इबिझातल्या मोठ्या क्लबांच्या हंगाम-समाप्तीच्या पार्ट्या सुरू होतात, ही माहिती त्याचीच. मला त्या बेटावरचे मासे खायचे होते. देवगडात वाढलेल्या बाईला भूमध्य समुद्राबद्दल एवढं कुतूहल असणारच. नवरा शाकाहारी, अंडं चालतं. त्याची एकच अट होती की हिशेब तो ठेवणार.

सप्टेंबरचा शेवट हा काळ खिशाच्या दृष्टीने उत्तम. ऑगस्टमध्ये तापलेलं पाणी अजून पोहण्याजोगं असतं, खोल्यांचे दर खाली आलेले असतात, बसगाड्याही भरपूर असतात. नोव्हेंबर लागला की निम्म्या हॉटेलांना कुलपं. युरोचे साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे पुढचे आकडे वाचताना दोन शून्यं जोडली की झालं.

बुधवार

विमानतळावरून शहरात जायला बस आहे, माणशी चार युरोंच्या आसपास. आम्ही तिघं, म्हणजे बारा. टॅक्सीवाल्याने फिगेरेतेसपर्यंत अठरा घेतले आणि दारात सोडलं. एकटे असाल तर बस, तिघं-चौघं असाल तर टॅक्सी, इतकं सरळ गणित आहे.

फिगेरेतेस ही इबिझा शहराला चिकटलेली जुनी वस्ती. थोडी कळकट, पण किल्ला चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आम्ही घेतलेल्या खोल्यांना दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर होतं. रात्रीला १४५ युरो, तिघांचे मिळून. त्याच्यावर पर्यटन कर. बालेआरिक बेटांवर (इबिझा त्यांतलंच एक) २०१६ पासून हा कर आहे आणि २०१८ मध्ये तो दुप्पट झाला. हंगामात हॉटेलच्या दर्जाप्रमाणे माणशी रात्रीला एक ते चार युरो, त्यावर दहा टक्के व्हॅट. आमच्या दर्जाला दोन युरो वीस सेंट. आरक्षणाच्या किमतीत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो, काउंटरवर मागतात. तेहेतीस युरो गेले आणि नवऱ्याच्या वहीचं पहिलं पान उघडलं.

पिशव्या टाकून थेट सुपरमार्केट. इथे पहिली खरेदी पाण्याची करायची. नळाचं पाणी पिऊन मरणार नाही कोणी, पण ते मचूळ लागतं. उपशामुळे भूजलात समुद्र शिरलाय, बाकीचं पाणी समुद्राचंच क्षार काढून केलेलं. त्यामुळे स्थानिक लोकही आठ लिटरचा कॅन आणतात, तो दीड-दोन युरोंना मिळतो. हॉटेलात तेवढ्यात अर्धा लिटर येत नाही. २०२२ च्या कायद्याने स्पेनमध्ये हॉटेलांनी मागितल्यास नळाचं पाणी फुकट द्यायलाच हवं, पण इबिझात तो हक्क बजावण्यात फारसा आनंद नाही.

पाव, टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, अंडी, बटाटे, ऑलिव्ह, चीज, फळं, दूध, कॉफी असं सगळं मिळून अडतीस युरो. मुख्य भूमीपेक्षा थोडं महाग, कारण इथे बहुतेक सगळं जहाजाने येतं. पण तेवढ्यात आमचे सगळे नाश्ते आणि पहिलं रात्रीचं जेवण निघालं. पाव भाजायचा, त्यावर लसणाची पाकळी आणि मग अर्धा चिरलेला टोमॅटो घासायचा, साल हातात उरेपर्यंत. वर तेल आणि मीठ. स्पेनच्या या सगळ्या पूर्व किनाऱ्यावर लोक हे सकाळ-संध्याकाळ खातात. नवऱ्याने चार तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "आता माझं इथे निभेल."

जेवून बंदरावर फेरी मारली. समोर यॉटी, कडेने टेबलं, टेबलांवर पाएयाचे, म्हणजे कढईतल्या स्पॅनिश भाताचे, रंगीत फोटो. फोटो असलेल्या मेनूपासून लांब राहावं, हे आम्ही पोर्तुगालमध्येच ठरवलं होतं.

गुरुवार

सकाळी दाल्त विला, म्हणजे वरचं गाव. ही तटबंदी सोळाव्या शतकातली. तुर्की आरमाराच्या भीतीने स्पेनच्या राजाने इटालियन अभियंता काल्वी याच्याकडून आखून घेतलेली. १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. चढ दमवतो, वरून दिसणारं पाणी मात्र फुकट आहे. पायथ्याशी, मुख्य दरवाजाच्या समोरच, खांबांची ओळ असलेला जुना बाजार आहे. आता तिथे भाजीवाले मोजकेच उरलेत, पण अंजिरं घेतली आणि दरवाजाच्या सावलीत बसून संपवली.

गावातल्या साध्या हॉटेलांत दुपारी साधारण दीडपर्यंत जेवण मिळत नाही आणि चारनंतरही मिळत नाही. मधल्या अडीच तासांतच या बेटावरचा सगळ्यात स्वस्त सौदा होतो: मेनू देल दिया. पहिली डिश, दुसरी डिश, पाव, पाणी किंवा वाइन, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. १९६० च्या दशकात, हुकूमशहा फ्रांकोच्या काळात, पर्यटन खात्याने हॉटेलांवर ठरावीक दराचं जेवण ठेवण्याची सक्ती केली, त्यातून ही पद्धत रुजली. पर्यटकांसाठी काढलेली सोय आज तिथले कामगारच जास्त वापरतात, आणि म्हणून ती टिकून आहे. बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारी. आम्ही बंदराकडे पाठ करून चालत सुटलो. समुद्र दिसेनासा झाला, मग इंग्रजी पाट्या दिसेनाशा झाल्या, आणि एका कोपऱ्यावर रंगाने माखलेल्या कपड्यांतले चार जण जेवताना दिसले. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, सतरा युरो.

मी पहिल्या डिशसाठी शेतकरी सॅलड मागवलं. उकडलेला बटाटा, भाजलेली ढोबळी मिरची, टोमॅटो, दोनदा भाजलेल्या कडक पावाचे तुकडे, आणि वर सुकी मासळी. ही सुकवण्याची पद्धत शेजारच्या फोरमेंतेरा बेटावरची: वाघळी आणि छोट्या मुशीचे तुकडे खारवून झाडाच्या वाळक्या फांद्यांवर उन्हात टांगतात, मग विस्तवावर भाजून, हाताने उसवून तेलात ठेवतात. पहिल्या घासाला पावसाळ्यातल्या आमच्या घरात सुके बोंबील भाजल्याचा वास आला. टेबलावर तेवढीच शांतता मी पाळली. भाच्याने सॅलडच्या पुढे ससा मागवला, त्याबद्दल नवऱ्याच्या देखत जास्त बोलणं बरं नव्हतं.

शाकाहाऱ्यांसाठी इथेच दोन शब्द. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. हॅमचे तुकडे आणि डब्यातला टुना मांसात मोजतच नाहीत. मिक्स सॅलडवर टुना न सांगता येतो. हॅम नको, टुना नको, मासा नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं. क्रोकेता, म्हणजे तळलेले छोटे रोल, बहुधा हॅमचेच. एन्साइमादा नावाची गोल, साखर भुरभुरलेली सुंदर पेस्ट्री दिसेल, तिच्यात डुकराची चरबी असते. उरलेल्या एन्साइमादाचं दूध-अंडं घालून केलेलं ग्रेशोनेरा हे पुडिंगही म्हणून बाद. चालतं ते बटाट्याचं जाड ऑम्लेट, तळलेल्या हिरव्या मिरच्या, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचं एस्कालिवादा, आणि बेकरीतली लाल मिरच्यांची कोका, ही एक पातळ रोटीच. कोकाचा तुकडा तीन युरोंना. नवऱ्याने रोज एक या हिशेबाने तो खाल्ला.

वाढणारी बाई आर्जेंटिनाची होती. राहायला कुठे, असं विचारल्यावर हसली आणि म्हणाली, चौघी मिळून एका खोलीत. या बेटावर नोकऱ्या आहेत, घरं नाहीत. उन्हाळ्यात कामाला आलेले लोक गाड्यांत आणि तंबूंत राहतात. शिक्षक, नर्स यांनाही भाडं परवडत नाही, शेजारच्या मायोर्का बेटाहून विमानाने ये-जा करणाऱ्या शिक्षकांच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या आहेत. बेटवासीयांना आपसातल्या विमान प्रवासावर ७५ टक्के सूट असते, म्हणून ते जमतं तरी. स्पेनमध्ये टीप सक्तीची नाही. आम्ही त्या दिवशी ठेवली.

शुक्रवार

डबा बांधून बसने सेस सालिनेस. मिठागरांचा हा भाग आता राखीव उद्यान आहे. फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांपासून इथे मीठ पिकतंय, पर्यटन येईपर्यंत या बेटाची खरी कमाई तीच. आजही समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात, उन्हाळाभर सुकवतात आणि शेवटी पांढरे ढीग लागतात. दूर पाण्यात फ्लेमिंगो उभे होते. हेच मीठ निळ्या-हिरव्या डब्यांत भरून विमानतळावर भेटवस्तू म्हणून महाग विकतात. सुपरमार्केटमध्ये साध्या पिशवीत किलोभर घ्या, चवीत फरक मला तरी कळला नाही.

किनारा सुंदर, आणि किनाऱ्याचे दर भयंकर. दोन आरामखुर्च्या आणि छत्री पन्नासच्या पुढे. किनारे सार्वजनिकच असतात, त्यामुळे चटई टाकून बसायला कोणाची ना नाही. वाळूवर तपकिरी, वाळक्या पट्ट्यांचे ढीग दिसतात, लोक नाक मुरडतात. ती पोसिडोनिया, समुद्रात उगवणारी खरीखुरी फुलझाडाची जात. पाणी एवढं नितळ तिच्यामुळे आणि मासळीची वीणही तिच्याच आडोशाला. युनेस्कोने तटबंदीबरोबर या पाणगवतालाही यादीत घेतलंय. आम्ही त्या ढिगाला टेकून ऑम्लेट-पाव खाल्ला.

भाच्याची रात्र होती, म्हणून संध्याकाळी त्याला पोटभर घालायचं ठरलं. क्लबमध्ये उपाशी जाणं ही चैन आहे. सोफ्रीत पागेस हा इथल्या शेतकऱ्यांचा सणासुदीचा पदार्थ: कोंबडी, कोकरू, बटाटे, सोब्रासादा आणि बुतिफारा ही दोन डुकराची सॉसेजं, लसणीच्या सालीसकट पाकळ्या. मांस आधी शिजवायचं, मग तेलात परतायचं, आणि मसाल्यात केशर, दालचिनी, लवंग. मी दोन बटाटे चाखले. सगळा स्वाद त्या बटाट्यांतच उतरलेला असतो. एका डिशमध्ये दोघं आरामात जेवतात, वेटर स्वतःच तसं म्हणाला. पाव आणि आयोली, म्हणजे लसूण-तेलाचं घट्ट सॉस, न मागता टेबलावर येतं आणि न मागता बिलातही, माणशी दोन-अडीच युरो. नको असेल तर आल्या आल्या परत पाठवायचं. आम्ही नाही पाठवलं, कारण आयोली चांगलं होतं. चौसष्ट युरो.

मग तो गेला. या बेटावर पाशा हा क्लब १९७३ मध्ये सुरू झाला, अम्नेसिया १९७६ मध्ये, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिकीट काढून नाचण्याचा इथे एक उद्योग उभा राहिलाय. तो ज्या क्लबात गेला तिथलं तिकीट आधी घेतल्यामुळे पासष्टला पडलं. आत पाण्याची बाटली अकरा, बियर पंधरा. रात्रभर फिरणाऱ्या डिस्कोबसने चार युरोंत तो घरी आला, सकाळी साडेसहाला, अत्यंत आनंदात. एकूण एकशे दहा. "आत्या, साउंड काय होता तिथला!" एवढं बोलून बुटांसकट झोपला. मला हे पैसे वाया गेलेले वाटत नाहीत. तो त्यासाठीच आला होता आणि नेमका आकडा खिशात घेऊन गेला होता. वाया जातात ते बंदरावरच्या सुमार पाएयाचे.

शनिवार

बसने सान्ता एउलालियावरून सान्त कार्लेस. गाव म्हणजे एक पांढरं चर्च, थोडी घरं आणि समोर आनिताचा बार. पूर्वी आसपासच्या वाड्यांवर टपाल पोचत नसे, म्हणून बारच्या भिंतीत लाकडी टपालपेट्या बसवल्या, त्या अजून आहेत. इथे एर्बास प्यायचं, म्हणजे रानातल्या वनस्पती बडीशेपेच्या दारूत मुरवून केलेलं मद्य. त्यात थाइम, रोजमेरी, लिंबाची पानं, आणखी काय काय. छोटा ग्लास, जेवणानंतर. भाच्याने आदल्या रात्रीनंतर फक्त कॉफी घेतली.

शनिवारी जवळच लास दालियासचा हिप्पी बाजार भरतो. १९५४ चा हा रस्त्याकडेचा बार, १९८५ मध्ये त्याच्या बागेत बाजार सुरू झाला. प्रवेश फुकट. आत गेलो आणि आपण गोव्यात हणजुण्याला आलो की काय असं वाटलं. आरसे लावलेले झोळे, चांदीची पैंजणं, गणपतीचे टी-शर्ट, उदबत्त्या. यात योगायोग काही नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या हिप्प्यांपैकी कित्येकांचा शिरस्ताच होता, उन्हाळा इबिझात आणि हिवाळा गोव्यात. माल, संगीत आणि माणसं दोन्हीकडे तीच फिरत राहिली. एका बाईने मला जयपुरी छपाईचा स्कर्ट पंचेचाळीसला सांगितला. मी तिला हिंदीत किंमत विचारली, तिने हसून हिंदीतच उत्तर दिलं आणि पस्तीसवर आली. तरी घेतला नाही. पन्नास वर्षांचा व्यापार असला म्हणून काय झालं.

दुपारी गावातच बोकादियो खाल्ले. बार्रा पावात माझ्या आणि भाच्याच्या वाट्याला हॅम, नवऱ्याच्या वाट्याला बकरीचं चीज. वर बियर, कॉफी. सत्तेचाळीस युरोंत तिघं. शनिवारी मेनू देल दिया नसतो, तेव्हा बोकादियोच आधार.

रविवार

आज मोठं जेवण. त्यासाठी एक दिवस गाडी घेतली, विम्यासकट अठ्ठावन्न, पेट्रोल वेगळं. आतल्या खाड्यांपर्यंत बस जात नाही. २०२५ पासून उन्हाळ्यात बेटावर गाड्यांच्या संख्येलाच मर्यादा घातली आहे, त्यामुळे ऐन मोसमात भाड्याची गाडी आधीच ठरवावी. ईशान्येला पोउ देस येओची खाडी आहे. पाण्याकाठी कोळ्यांच्या लाकडी झोपड्या, प्रत्येकीतून लाकडी रूळ थेट पाण्यात उतरलेले, होड्या ओढून घ्यायला. त्याच बाजूच्या एका हॉटेलात आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलं होतं.

बुयित दे पेश दोन टप्प्यांत येतो, आणि किमान दोघांसाठीच करतात. हे मुळात कोळ्यांचं होडीवरचं जेवण: बाजारात किंमत न येणारे काटेरी, कुरूप मासे, बटाटे आणि केशर. पहिल्या टप्प्यात मोठी थाळी आली, विंचूमासा, हेकरूसारखा एक गुबगुबीत मासा आणि सेंट पीटर, तिन्ही आपापल्या पोताचे, आणि रश्श्याने पिवळे झालेले बटाटे. वर आयोली सैल करून ओतलेलं. मसाला जवळपास नाही. पहिल्यांदा हात मिरचीकडे जातो, ती नसते, आणि मग तिसऱ्या-चौथ्या घासाला कळतं की माशाला माशाची चव असते. विंचूमाशाचं डोकं मी कोणाला दिलं नाही. वेटरने बाजूच्या टेबलावर सुरी-काट्याने झगडणाऱ्या जोडप्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि आणखी एक मुंडकं आतून आणून ठेवलं.

थाळी रिकामी होतेय तोवर दुसरा टप्पा, त्याच रश्श्यात म्हाकुळाचे तुकडे घालून केलेला भात. रुंद कढईत बोटाच्या पेरापेक्षाही पातळ थर, तळाला करपायच्या बेताला आणलेला. खरवडून खायचा. पोटात जागा नसतानाही संपतो.

माणशी बेचाळीस. गरिबाचं जेवण इतकं महाग का, हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. भूमध्यात मासे पूर्वीइतके उरले नाहीत, स्थानिक होड्या कमी झाल्या, आणि ज्या माशाला कोणी विचारत नव्हतं त्याला आता मुद्दाम शोधत लोक येतात. नवऱ्याने अंडी-बटाटे आणि भाजलेल्या भाज्या घेतल्या, बावीस. पाव आणि गावठी पांढरी वाइन धरून एकशे अठ्ठावीस. या पूर्ण सहलीत मी एकाच बिलाकडे न बघता कार्ड दिलं, ते हे.

संध्याकाळी बेट ओलांडून सान्त अन्तोनी. सूर्यास्ताला संगीत लावण्याची प्रथा इथे काफे देल मारने १९८० पासून सुरू केली. गच्चीवर बसलात की पेयाचे दर सूर्यासकट असतात. खाली खडकांवर बसलं तरी संगीत तेच ऐकू येतं. आम्ही खडकांवर, ऑलिव्ह आणि उरलेली कोका घेऊन. याच गावातल्या दारूड्या गल्ल्यांमुळे २०२० मध्ये सरकारने नियम आणले: त्या पट्ट्यात रात्री साडेनऊ ते सकाळी आठ दुकानांतून दारू विकायला बंदी, स्वस्त दारूच्या जाहिरातींना बंदी, एका बारमधून दुसऱ्यात झुंडीने नेणाऱ्या सहलींना बंदी. आठच्या आत सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार

दुपारचं विमान. सकाळी बेकरीत फ्लाओ घ्यायला रांग. मैद्याच्या बडीशेप घातलेल्या पारीत ताजं बकरी-मेंढीचं चीज, अंडी, साखर आणि पुदिना. गोडात पुदिना म्हटल्यावर आमच्या घरात दोन तट पडले, पण कापलेला तुकडा साडेतीन युरोंचा आणि गार खाल्ला तर अप्रतिम. काही बेकऱ्या पारीत चरबी घालतात, म्हणून विचारून घेतलं. त्या बाईने तेलाची बाटलीच उचलून दाखवली. अख्खा फ्लाओ हातातल्या सामानात चालतो. एर्बासची बाटली चालत नाही, शंभर मिलिलिटरचा नियम आडवा येतो, आणि तपासणीच्या पलीकडे तीच बाटली जास्त दराने मिळते. भाच्याने ती तिथे घेतली, स्वतःच्या पैशांनी.

विमानात वही निघाली. तिघांचं खाणंपिणं, बेकऱ्या आणि कॉफी धरून चारशे नऊ युरो, म्हणजे माणशी एकशे छत्तीसच्या आसपास. भाच्याच्या एका रात्रीचे एकशे दहा नवऱ्याने 'मनोरंजन' या रकान्यात टाकले होते. भाचा म्हणाला, "काका, पाण्याचे अकरा तरी खाण्यापिण्यात घ्या." काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि फ्लाओच्या डब्याचं झाकण उघडलं.